भेंडीचं टोक

मूर्तिजापूरच्या बाजारात भाजी विकणाऱ्या एका मावशींच्या भेंडीचं टोक मोडून बघायची कोणाची हिंमत नव्हती. "घ्याले आली का मोडाले?" असा आवाज यायचा की शेजारचा फूलवालाही दचकायचा.

यंदा मात्र त्या गप्प झाल्या. बायका खुशाल टोकं मोडू लागल्या. वर म्हणायच्या, "म्हातारी वयानं निवली, बरं झालं." मला काही ते बरं वाटेना. मी मुद्दाम दोन-तीन टोकं मोडली.

"मोड बाई. काय फरक पडते," मावशी म्हणाल्या. दुपार झाली तरी डबा उघडलेला नव्हता. "भूकच नाही लागत. झोप बी येत नाही."

मी त्यांच्या सुनेला म्हटलं, "हे वय नाही, मनाचा आजार आहे. अकोल्याला डॉक्टरला दाखव."

"त्याईले का येड लागलं?" ती चिडली. पण घेऊन गेली. बरेच आठवडे फरक दिसेना, तरी तिनं गोळ्या चुकू दिल्या नाहीत. मी दर बाजारी एक टोक मोडून बघायचे.

काल मोडलं, तर मावशी कडाडल्या, "कावून वं, घ्याले आली का मोडाले?"

फूलवाला दचकला. मी आणखी एक मोडलं.