आधी चिंधीवर

शिलाई मशीनला तेल घातलं की त्या वासानं मला पलासिया भागातल्या आमच्या दुकानातली एक जुनी सकाळ आठवते. लग्नसराई नुकतीच संपली होती आणि ब्लाउज-शेरवान्यांच्या गर्दीत माझा ब्लॉग कित्येक महिने तसाच पडून होता. मी चौथी पास, पण फोनवर एका बोटानं शिलाईच्या गोष्टी लिहायचो. ब्लॉग सुनेनं सुरू करून दिलेला. ती मूळची पुण्याची, आता इथं विजय नगरला ऑफिसात कामाला. त्या दिवशी डबा द्यायला आली आणि म्हणाली, "बाबा, तो ब्लॉग बंद करून टाकू का? उगाच ओसाड दिसतो." माझं डोकंच फिरलं. "सूनबाई, शटर खाली आहे, दुकान विकलं नाही मी!" ती हसली, "मग आजच लिहा. आधी माफी मागा, सगळे तसंच करतात." "माफी कशाची? काम करत होतो, झोपलो नव्हतो." मी मशीनला तेल दिलं. नुकतंच तेल दिलेलं मशीन एकदम गिऱ्हाइकाच्या कापडावर चालवत नाहीत. आधी चिंधीवर चालवतात, म्हणजे काळं तेल तिथंच पुसलं जातं. तसंच बंद पडलेल्या ब्लॉगवर मी आधी काजाबद्दल चार वाकड्यातिकड्या ओळी लिहिल्या. दुपारी देपालपूरच्या एका वाचकानं खाली लिहिलं, "कहाँ थे भिया, रोज देख रहा था." संध्याकाळी सून घरी आली तेव्हा मी फोन तिच्यासमोर धरला. यंदाची लग्नसराईही कालच आटोपली, तोवर ब्लॉग पुन्हा तसाच पडून होता. हे लिहिलेलं म्हणजे आजची चिंधी समजा. तेल पुसलं गेलंय, आता कापड घेतो.