प्रवेश माझ्या पोरीचा झालाय

बाईंनी माझ्या लेकीच्या गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि तिच्या हातात कोकराची दोरी दिली.

"ईश्वरी बेटा, तू आमची लिटल शेफर्ड ना? मग इथेच उभी राहा. आणि स्माइल!"

चार वर्षांची पोर. ज्युनिअर केजीचा पहिला दिवस. ती हसली. बाई सांगतील ते ऐकायचं, हे तिला घरूनच शिकवून आणलं होतं. मीच शिकवलं होतं.

आम्ही धनगर. भुकूमच्या मागच्या अंगाला, टेकडीच्या पायथ्याशी आमची वस्ती. शेरडं-मेंढरं आहेत, थोडं भात पिकतं. मी सोसायट्यांमध्ये जिने पुसायला जाते. पौडला बारावीपर्यंत शिकलेय, म्हणून गरीब घरच्या पोरांसाठी मोठ्या शाळांत कायद्यानं राखलेल्या जागांचा फॉर्म मी स्वतः मोबाइलवर भरला. लॉटरीत ईश्वरीचं नाव लागलं. मालकांनी, म्हणजे ईश्वरीच्या बापानं, तो मेसेज माझ्याकडून तीनदा वाचून घेतला. माझ्या सासूला मी आत्या म्हणते. आत्यांनी वस्तीत घरोघर साखर वाटली.

शाळा सुरू व्हायच्या चार दिवस आधी फोन आला. खुद्द प्रिन्सिपल मॅडम. आवाज इतका गोड की मी फोनवरसुद्धा पदर सावरला.

"तुमच्याकडे लॅम्ब्स आहेत ना? फर्स्ट डेला आमची फार्मची थीम आहे. दोन छोटी आणाल? मुलांना खूप मजा येईल."

मला वाटलं, मान दिला. आज सांगायला लाज वाटते, पण खरंच तसं वाटलं. मालक तर दिवसभर तेच बोलत होते. "बघ, येवढी मोटी शाळा, पन आपली आटवन झाली त्येंना." त्यांनी दोन कोकरं ईश्वरीच्या शाम्पूनं धुतली. आत्यांनी ठेवणीतलं लुगडं काढलं. ईश्वरी गणवेश उशाशी घेऊन झोपली. सकाळी उठल्याबरोबर "माय नेम इज ईश्वरी" सुरू. कोकरांना सांगितलं, शेरडांना सांगितलं, पाण्याच्या टाकीला सांगितलं.

पुढच्या गेटवर फुग्यांची कमान होती. वॉचमननं हात आडवा धरला. "जनावर पीछे से."

मालक कोकरं घेऊन मागं निघाले. ईश्वरी आणि आम्ही दोघी कमानीकडं वळलो, तर तो म्हणाला, "आप लोग भी उनके साथ हो ना? पीछे से."

गेलो मागून. कचऱ्याच्या डब्यांजवळून, स्वयंपाकघराच्या मोरीवरून. पहिल्या दिवशी कशाला वाद, म्हटलं.

मैदानावर हिरवंगार गवत. कोकरानं तोंड लावलं आणि लगेच थुंकलं. प्लॅस्टिकचं होतं. तिथं कुंपण मांडलेलं, गवताचे दोन भारे, लाकडी बैलगाडी. बाई आल्या आणि म्हणाल्या, "युनिफॉर्म खराब होईल ना हिचा. आमच्याकडे कॉस्च्युम आहे."

खणाचं परकर-पोलकं. दोन मापं मोठं. मागून पिना लावल्या. गणवेशाची बटणं कुणी काढली? मी. माझ्या ह्या हातांनी. पोर मला विचारत होती, "आई, पुन्ना घालायचा ना?" आणि मी म्हणत होते, "व्हय गं, आत्ता."

मग लोक आले. केजीत पोर सोडायला एवढे लोक येतात, हे मी पहिल्यांदा बघितलं. आई, बाप, दोन्हीकडचे आजी-आजोबा, आणि फोटो काढायला वेगळा माणूस. एक बाप आपण रडतोय ह्याचा स्वतःच व्हिडिओ काढत होता. नीट आला नाही म्हणून परत रडला. पोरगं आपलं पॉपकॉर्न खात उभं.

एकेक कुटुंब कुंपणात यायचं. कोकराला हात, ईश्वरीशेजारी उभं राहून फोटो, बाहेर. एका बाईनं गॉगल वर करून विचारलं, "ही खरीच धनगराची आहे, की ड्रेसअप केलंय?"

"खरीच," आमच्या बाई म्हणाल्या. भाजी ताजी आहे का विचारल्यावर भाजीवाला सांगतो ना, तशा.

मालक हात बांधून उभे होते.

कुंपणाच्या तोंडाशी एक मावशी सॅनिटायझरची बाटली घेऊन उभी होती. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातावर एक थेंब. ईश्वरीला वाटलं, हा शाळेतला खेळ आहे. तिनंही दोन्ही हात पुढं केले. मावशीनं बाईंकडं बघितलं.

"तिला नको," बाई म्हणाल्या. "ती त्यांच्यातच असते."

कोकरांच्यात. माझी पोर.

मावशीनं मान खाली घातली. ईश्वरीचे हात तसेच पुढं.

तेवढ्यात घंटा झाली. पोरांची रांग लागली, एकमेकांचे खांदे धरून आत निघाली. ईश्वरी दोरी धरून बघत राहिली. मग म्हणाली, "आई, माजा वर्ग कुटं हाय?"

मी बाईंना विचारलं.

"आज राहू दे ना तिला इथेच. अकराला दुसरी बॅच आहे. उद्यापासून बसेल वर्गात. शी इज एन्जॉइंग!"

पालकांच्या गर्दीत प्रिन्सिपल मॅडमही येऊन उभ्या होत्या. पांढरी साडी, मोत्यांची माळ. मी ईश्वरीच्या हातातली दोरी काढून घेतली आणि मॅडमच्या हातात दिली.

"धरा."

त्यांनी धरली. सवयच नसावी कुणी काही धर म्हणायची, त्यामुळं नाही म्हणायचं सुचलं नाही. कोकरू त्यांच्या साडीला नाक घासायला लागलं. त्यांनी एक पाय वर उचलला.

"धर गं बाई नीट," आत्या म्हणाल्या. "चावत न्हाई त्ये."

मी तिथंच, मैदानाच्या मधोमध, परकराच्या पिना काढल्या. आत्यांनी लुगड्याचा पदर आडवा धरला. त्या आडोशाला मी गणवेश चढवला, एकेक बटण लावलं. मालक हळूच म्हणाले, "जाऊ दे की गं. शाळेतनं नाव काडतील पोरीचं." मी म्हटलं, "काडू द्या. काडून बगू द्या."

"हे बघा," मॅडम म्हणाल्या. आवाजातला गोडवा संपला होता. "तुमच्या मुलीला इथे मोफत प्रवेश मिळालाय, हे विसरू नका."

"न्हाई विसरले," मी म्हटलं. "प्रवेश माझ्या पोरीचा झालाय. कोकरांचा न्हाई. आणि तो तुमी दिलेला न्हाई, कायद्यानं दिलाय. वर्ग कुठला, सांगा."

बाटलीवाल्या मावशीनं बोट केलं. जिन्याजवळचा, पिवळ्या दाराचा. बाईंच्या हातातलं ओळखपत्र मी मागितलं नाही. घेतलं.

ईश्वरीला मधल्या ओळीतल्या खुर्चीवर बसवलं आणि निघाले, तर तिनं भोकाड पसरलं. वर्गात आधीच आठ-दहा जण रडत होते. त्यांच्यात तिचा आवाज मिसळून गेला. दारापर्यंत मी मागं बघितलं नाही. त्या दिवशी शाळेत तिच्या बाबतीत घडलेली पहिली खरी गोष्ट म्हणजे ते रडणं.

संध्याकाळी मोबाइलवर शाळेच्या पानावर फोटो आला. परकरातली ईश्वरी, कोकरू, आणि खाली लिहिलेलं, 'आमच्या शाळेची मातीशी नाळ'. मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात अर्ज दिला, पोच घेतली आणि तो काढायला लावला. चार चकरा झाल्या. कारकून म्हणाला, "एवढं काय त्यात? छान दिसतेय." मी म्हटलं, "तुमच्या पोरीचा लावा."

मागच्या आठवड्यात ईश्वरीच्या वहीतून एक कागद आला. शाळेच्या कार्यक्रमात संस्थाचालकांना हे कागद भेट द्यायचेत म्हणे. मोफत प्रवेशाच्या पालकांनी दोन-चार ओळींत कृतज्ञता व्यक्त करावी. खाली आखलेल्या ओळी, कडेला फुलांची नक्षी.

मालक म्हणाले, "लिही की चार शब्द. आपलं काय जातंय?"

मी पेन घेतलं. लिहिलं, 'माझी मुलगी ईश्वरी ज्युनिअर केजीत शिकते.' खाली सही केली. बाकीच्या ओळी कोऱ्या ठेवल्या.

ह्या शाळेतून मी तिला काढणार नाही. इथंच शिकेल, आठवीपर्यंत. ती घरी दूध काढायला शिकेल, इंग्रजीत भांडायलाही शिकेल. ह्या लोकांचे उपकार मानायला मात्र तिला कुणी शिकवणार नाही. त्यांनी शिकवलं, तर मी घरी रोज पुसून टाकीन.