अस्तराखालची पट्टी

वत्सलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी दिल्लीत शिवणाला बसले होते. पिंपळगाव राजाहून त्यांची भावजय बोलत होती. "ताई गेल्या वं मंदा. सकाळी चहा घेतला अन्…" पुढचं मला ऐकू आलं नाही. पहिला विचार जो आला तो लाज वाटते तरी लिहिते. वाटलं, सांगायचं राहूनच गेलं.

ताईंचा सगळा जन्म दिल्लीत, हिमालयाकडच्या जुन्या मूर्ती न् चित्रं पारखण्यात गेला. लडाख, नेपाळ, तिबेटकडची वस्तू खरंच किती जुनी, हे विचारायला मोठ्या संग्रहालयांची माणसं त्यांच्याकडे यायची. गावात मात्र त्या 'मूर्त्यावाल्या बाई'. सुट्टीत आल्या की कोणी ना कोणी देवघरातला पितळी बाळकृष्ण घेऊन हजर. ताई तो उलटा करून बूड बघायच्या, पदराने पुसायच्या आणि परत द्यायच्या. "पूजेत ठेव. तिथंच शोभते."

मी वरवट बकालची. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न होऊन दिल्लीला आले, शिवणकाम धरलं. एका दुकानदाराने थांगका शिवायला दिला. बौद्ध मठांत टांगतात ते कापडावरचं देवाचं चित्र, चारी बाजूंनी रेशमी किनखाप लावलेलं. त्याने एका फाटक्या चित्राचा जुना किनखाप उसवून आणला होता. तो दुसऱ्या चित्राला लाव म्हणाला. मी लावला. महिनाभराने दारात पांढऱ्या केसांची एक बाई उभी, हातात तेच चित्र.

"कोन्या गावची वं तू?"

परमुलखात आपली बोली ऐकून मला रडू फुटलं. त्या वत्सलाताई. चित्र त्यांच्याकडे पारखायला आलं तेव्हा त्यांनी मागून शिवण पाहिली होती. कोपऱ्यावर दोन टाके मागे घेऊन वळायचं, ही त्यांच्या आईच्या गोधडीतली रीत. दुकानदाराला विचारत विचारत त्या माझ्यापर्यंत पोचल्या. मग खाली बसून शांतपणे म्हणाल्या, "रेशीम जुनं हाय, चित्र नवं. जुनं म्हणून इकाले ठेवलं होतं. तुले माईत होतं काय?"

मी नाही म्हणाले.

ते खोटं होतं. चित्र मांडीवर घेतलं तेव्हाच ताज्या रंगाचा वास आला होता. पण काम हातचं जाईल, ही बाई मला पोलिसांपुढे उभी करेल, सगळी भीती एकदम दाटली… ताई चित्राची गुंडाळी करत म्हणाल्या, सोमवारपासून माझ्याकडे ये.

तेव्हापासून त्यांच्याकडे आलेली फाटकी चित्रं मीच शिवत आले. आज घर त्यावरच उभं आहे. काम झालं की अस्तराच्या आत कापडाची एक पट्टी टाकायची. जुनं काय, नवं काय, शिवलं कोणी, हे त्यावर पेन्सिलीने. माझं अक्षर वाकडं, मी लाजायची. त्या म्हणायच्या, वाकडं चालते, नाव टाक. प्रत्येक पट्टीवर नाव टाकताना ते 'नाही' आठवायचं.

म्हातारपणी ताई गावी परतल्या. मागच्या हिवाळ्यात पिंपळगावला भेटायला गेले. ताईंना फार दिसत नव्हतं. मी जुना किनखाप लावलेलं ते नवं चित्र खोलीत टांगलेलं होतं. पारखायला आणणाऱ्या गिऱ्हाईकाने नको म्हणून त्यांनाच देऊन टाकलं होतं. मी धीर करून म्हटलं, "ताई, ते चित्र…"

"चहा थंडा होऊन राह्यला तुह्या," त्या म्हणाल्या. तेवढ्यात शेजारच्या बाया आल्या, आणि मला सुटल्यासारखं झालं.

तेरवीला गेले तेव्हा भावजय म्हणाली, ताईची आठवण म्हणून काही ने. मी ते चित्र मागितलं. त्यांच्याच खोलीत बसून अस्तराचा कोपरा उसवला. जे तोंडाने सांगता आलं नाही ते निदान पट्टीवर लिहून आत ठेवावं, म्हणून. पण आत पट्टी होतीच, ताईंच्या अक्षरात. चित्र नवे. किनखाप जुना. शिवण मंदा, वरवट बकाल. खाली आणखी एक ओळ… शिवणारीला ठाऊक होते काय? त्यापुढे काहीच नव्हतं. जे नक्की कळलं नाही ते ताई कधी अंदाजाने लिहीत नसत. जागा सोडत.

मी भावजयीकडून पेन्सिल मागून घेतली. त्या जागेत 'होते' लिहिलं आणि अस्तर शिवून टाकलं.

चित्र आता दिल्लीत माझ्या शिवणाच्या खोलीत आहे. पाठ खोलीकडे करून टांगलंय, शिवणीची बाजू दिसेल असं.