पूर्वेले तोंड

"इकडं तोंड करून बोला गा!" असं म्हणत सिस्टर समोरच्याचा खांदा धरून त्याला वळवायच्या. उभं आयुष्य इस्पितळात नर्स म्हणून गेलेलं. माणूस म्हणजे कूस बदलायचा पेशंट, असंच त्यांना वाटे. तुमच्याही शेजारी अशी एखादी खमकी बाई असेलच. आमची केरळातून आलेली, पण नागपूरच्या नंदनवन वस्तीत राहून आमच्यापेक्षा ठसक्यात नागपुरी बोलणारी.

सत्तरच्या दशकात आमच्या कंपाउंडला लागून त्यांचं ऑर्थोडॉक्स चर्च उभं राहू लागलं. रेल्वेत, दवाखान्यांत नोकरीला आलेली ही मल्याळी कुटुंबं तोवर एका शाळेच्या हॉलात प्रार्थना करत. समितीने ठेकेदाराला बजावलं, "चर्च पूर्वमुखी पाहिजे." आता आपल्याकडे पूर्वमुखी घर म्हणजे पूर्वेला दार. त्याने तसा पाया भरला.

जोतं पाहून सिस्टर कडाडल्या, "हे काय करून राहिले गा?"

"पूर्वमुखी म्हणे ना तुमचे साहेब? दार पूर्वेलेच हाय."

"माणसाचं तोंड पूर्वेले पाहिजे! दाराचं नाही!"

त्यांच्यात वेदी पूर्वेला आणि दार पश्चिमेला असतं. येशू पूर्वेकडून परत येणार, म्हणून सगळे तिकडे तोंड करून उभे राहतात. अजून भिंती उठायच्या होत्या, सगळं फिरवता आलं असतं. पण समितीच्या सेक्रेटरीला रस्त्यावरून दिसणारं दार भलतंच आवडलं. "देव काय होकायंत्र घेऊन बसला आहे?" म्हणून तो हसला. मी त्यांच्या धर्माची नाही, पण ते हसणं आठवलं की माझं डोकं आजही तापतं.

चर्च झालं. सिस्टर दर रविवारी वेदीकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून उभ्या राहू लागल्या. उशिरा येणाऱ्यांना आधी त्यांचे वटारलेले डोळे दिसत. आम्ही शेजारी पोट धरून हसायचो. मग एका रविवारी सेक्रेटरीने त्यांना दंड धरून बाहेर काढलं. ज्या बाईने याच्या दोन्ही मुलांची बाळंतपणं केली, तिला!

तेव्हापासून त्या अंगणात उभ्या राहायच्या. मे महिन्याच्या उन्हात मी कंपाउंडवरून ओरडले, "सिस्टर, आमच्या व्हरांड्यात तरी या!"

"मी काहून सावलीत लपू वं? चूक मी केली काय?"

त्या गेल्या, तेव्हा कबरस्तानात मीही होते. खड्ड्याच्या काठावर उभा राहून सेक्रेटरी खणणाऱ्यांना सांगत होता, "डोकं पश्चिमेले ठेवा. तोंड बरोबर पूर्वेले आलं पाहिजे गा."

वीतभरही इकडचं तिकडे होऊ दिलं नाही मेल्याने.