सात सप्टेंबरची खोली

"सुजाता, तुझ्या वेबसाइटनं आपलं नाक कापलं," तात्यासाहेब फोनच्या रिसीव्हरवर हात ठेवून म्हणाले. "मॉरिशसला एक जर्मन नवरा-बायको बॅगा घेऊन दारात उभे आहेत. बुकिंगचा कागद त्यांच्या हातात आहे, आणि त्यांच्या खोलीत दुसरेच पाहुणे राहताहेत."

पलीकडे अजित होता. आमच्या ऑफिसचा, पाटणचा. मी रिसीव्हर घेतला. परदेशी फोनला तेव्हा आपलाच आवाज परत ऐकू यायचा.

"अगं, लय वाईट झालंय. ही तिसरी वेळ हाय. मला तर काय बी समजंना."

मला काळजी वाटायला हवी होती. पहिल्यांदा मनात आलं ते असं, की बरं झालं. राहा आता समुद्रकाठी.

याला कारण होतं. नव्वदचं दशक संपत आलेलं. सांगलीत विश्रामबागला तात्यासाहेबांचं ट्रॅव्हल ऑफिस होतं. त्यांचे एक लांबचे नातेवाईक मॉरिशसला होते, कोकणातून तिकडं गेलेल्यांच्या चौथ्या पिढीतले. त्या बेटावर घरगुती गेस्ट हाउसं पुष्कळ. त्यांना मोठ्या हॉटेलांसारखी जाहिरात परवडत नाही. या दोघांनी ठरवलं, की सगळ्यांची मिळून एक वेबसाइट काढायची. युरोपातल्या माणसानं घरी बसून खोली निवडायची, तारीख टाकायची, बुकिंग पक्कं. आज यात काही विशेष नाही. तेव्हा सांगलीत इंटरनेट लावायचं म्हणजे पुण्याला एसटीडी कॉल करायचा, मोडेमची किरकिर ऐकायची आणि लाइन तुटली की पहिल्यापासून सुरुवात करायची. त्यात वीज जायची.

त्या वेबसाइटचा प्रोग्रॅम मी लिहिला. सगळा. अजितनं फोटो लावले, गेस्ट हाउसवाल्यांशी पत्रव्यवहार केला. पुढे लक्षात आलं, की धंदा सांगलीतून चालणार नाही. कुणीतरी बेटावर जाऊन राहायला हवं. तात्यासाहेबांनी एके दिवशी सकाळी जाहीर केलं, "अजित चाललाय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

महिन्याभरात त्याचा फोटो आला. अर्धी विजार, गुडघाभर निळं पाणी, हातात अननसाची फोड. तात्यासाहेबांनी तो माझ्या टेबलासमोरच्या बोर्डवर टाचणीनं लावला. "इथं अननसाला तिखट-मीठ लावून खातात, एकदम आपल्यासारखं," असं त्यानं कळवलं होतं. ऑफिसच्या खिडकीतून समुद्र दिसतो, असंही. मी रोज मिरजेहून सिटी बसनं उभी यायची, त्या फोटोसमोर बसायची आणि त्या खिडकीत बसलेल्या माणसाचा प्रोग्रॅम सांभाळायची. फोटो झाकला जाईल अशी मी टेबलावर फाइल पुष्कळदा उभी करून पाहिली. तो झाकला जायचा नाही.

तर आता तीन बुकिंगं चुकली होती. कागदावर एक तारीख, गेस्ट हाउसकडे दुसरीच. गेस्ट हाउसवाल्यांनी सांगून टाकलं होतं, की अजून एक पाहुणा असा दारात उभा राहिला तर वेबसाइट बंद. म्हणजे अजित परत, आणि माझं कामही संपलं.

मी प्रोग्रॅम ओळीओळीनं वाचला. चूक नव्हती. मग तपासणीचं बुकिंग केलं. आम्ही याला टेस्ट म्हणतो. खोटं नाव घालायचं आणि माहिती सगळ्या टप्प्यांतून नीट जाते का ते पाहायचं. तेवीस ऑगस्टची खोली मागितली. अजितला फोन केला. गेस्ट हाउसच्या नोंदीत तेवीस ऑगस्टच आली होती. आणखी एक टेस्ट केली, अठ्ठावीस तारखेची. तीही बरोबर.

दुपारी ऑफिसात कुणी नव्हतं. तिसऱ्या टेस्टला मला खोटं नाव सुचेना. खरं म्हणजे सुचलं असतं. पण मी स्वतःचं नाव टाकलं. सुजाता, मिरज, इंडिया. माणसं एक. खोली समुद्राकडची. तारीख माझ्या वाढदिवसाची, सात सप्टेंबर. आकड्यांत सात, तिरकी रेघ, नऊ. बटण दाबलं आणि थोडा वेळ तशीच पडद्याकडं बघत बसले. खोली पक्की झाल्याचा ईमेल मला आला. कंपनीतर्फे स्वागत होतं. ते वाक्य मीच लिहिलेलं.

तेवढ्यात फोन वाजला.

"सुजाता, तुझ्या नावाचं बुकिंग आलंय इथं," अजित म्हणाला.

माझे कान तापले. "टेस्ट आहे ती."

"व्हय, पण समुद्राकडची खोली? एकच माणूस?" त्यानं विचारलं. "तुला यायचं होतं का गं इथं?"

"तारीख सांग."

"नऊ जुलै."

"नीट वाच, अजित."

"नीटच वाचतोय. नऊ जुलै."

मी सात सप्टेंबर टाकली होती. लाजेची जागा एका क्षणात कामानं घेतली. "तू सर्व्हर बदललास का?" मी विचारलं.

सर्व्हर म्हणजे वेबसाइट जिथं ठेवलेली असते तो कंप्युटर. तो कुठंही असू शकतो. आमचा इंग्लंडमधल्या एका कंपनीत होता.

"बदलला की. अमेरिकेतला घेतला गेल्या महिन्यात, सगळं त्या कंपनीनंच हलवलं. लय फास्ट हाय. का गं?"

मग उलगडलं. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. इंग्लंडमध्येही तसंच. अमेरिकेत आधी महिना, मग दिवस. आमच्या सातव्या दिवसाला आणि नवव्या महिन्याला तो कंप्युटर सातवा महिना आणि नववा दिवस समजला. तेवीस ऑगस्टला मात्र तो फसला नाही, कारण तेविसावा महिना नसतो. तेव्हा त्यानं मुकाट्यानं उलटं करून बरोबर घेतलं. म्हणून बारा तारखेपर्यंतची बुकिंगं बिघडत होती आणि पुढची ठीक जात होती. पाहुण्याच्या कागदावर त्यानं टाकलेली तारीख जशीच्या तशी छापली जायची. गेस्ट हाउसला जायची ती सर्व्हरनं समजून घेतलेली.

अजित हळू आवाजात म्हणाला, "मला सांग काय बदलायचं ते. मी करतो. तात्यासाहेबांना मीच कळवतो, सापडलं म्हणून."

माझ्या टेबलासमोरच्या बोर्डवर तो निळ्या पाण्यात उभा होता.

"नको," मी म्हणाले. "बदल मी इथूनच करते. आणि सांगतेही मीच."

बदल तासाभराचा होता. तो त्याच दुपारी केला. पाहुण्यांचा काय दोष? त्यानंतर तात्यासाहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सापडलं आणि दुरुस्त झालं," मी म्हणाले. सगळं समजावलं. त्यांनी दोनदा विचारून घेतलं. मग मी म्हणाले, "पण महिनाभरात झालेली बुकिंगं अजून उलटीच आहेत. एकेका पाहुण्याला विचारून, गेस्ट हाउसवाल्यांशी बोलून ती सरळ करायची आहेत. ते तिथं बसूनच होईल. मला पाठवा."

"अजित आहे की तिथं."

"अजितला प्रोग्रॅम कळत नाही. मला कळतो. पहिल्यांदाच मला पाठवायला हवं होतं."

तात्यासाहेबांनी चष्मा काढला. "अगं, अजित महिनाभर माझ्यामागं लागला होता, मला पाठवा, मला पाठवा. तू एकदा तरी बोललीस?"

"तुम्ही एकदा तरी विचारलंत?"

"नाही," ते म्हणाले. "मला वाटलं, पोरगी आहे, घरचे सोडायचे नाहीत."

"घरच्यांना विचारून बघा."

माझी आई मिरजेच्या एका हॉस्पिटलात नर्स होती. तात्यासाहेबांनी वॉर्डात फोन लावला. मला आईचं बोलणं केबिनभर ऐकू येत होतं. "आवं साहेब, तिला कंप्युटर शिकिवला तो काय मिरज-सांगली बसमधी उभं राहायला व्हय? तुमी तिकीट काढा. बॅग मी भरते. समुद्राला मी घाबरत न्हाई, मग ती कशाला घाबरंल?"

पासपोर्ट निघेपर्यंत मी सांगलीतून जमेल तेवढी बुकिंगं सरळ केली. मग निघाले. विमानतळावर अजित घ्यायला आला होता. सावळा झाला होता, बारीकही. त्यानं बॅग उचलली आणि माझी वाट न बघता गाडीकडं निघाला. वळणावर एकदम समुद्र दिसला. फोटोत दिसायचा त्यापेक्षा कितीतरी चांगला होता. मला वाटलं होतं, तिथं गेल्यावर कळेल की अजितचे हालच होते, आणि जिवाला शांतता मिळेल. हाल वगैरे काही नव्हते. त्याला ऑफिसच्या वर खोली होती, शेजारची आजीबाई त्याला जुन्या वळणाच्या मराठीत जेवायला हाक मारायची, आणि खिडकीतून खरोखर समुद्र दिसत होता. इतके महिने हे सगळं त्याचं होतं, या विचारानं मला परत एकदा जळायला झालं.

कामाला बसलो. मी पाहुण्यांना ईमेल करायची, अजित गेस्ट हाउसवाल्यांना समजावायचा. हे तो माझ्यापेक्षा फार चांगलं करायचा. भडकलेला माणूस त्याच्यासमोर चहाला बसायचा. पुन्हा कुणी दारात उभं राहिलं नाही. गेस्ट हाउसवाल्यांनी वेबसाइट चालू ठेवली आणि तात्यासाहेबांचे तिथले नातेवाईक मला म्हणाले, "तू हितंच ऱ्हा." सगळे तांत्रिक प्रश्न माझ्याकडे यायला लागले. फोन आला, की अजित म्हणायचा, "सुजाताला विचारा."

एका संध्याकाळी आम्ही पाण्याच्या कडेला बसलो होतो. तो म्हणाला, "खरं सांगू? तू येणार म्हटल्यावर लय राग आला मला. वाटलं, माझा समुद्र घ्यायला आली ही."

"घ्यायलाच आले होते," मी म्हणाले.

तो हसला नाही. मीही नाही. पण दुसऱ्या दिवशीपासून आम्ही नीट बोलायला लागलो.

आम्ही दोघांनी मिळून तो धंदा पुढे काही वर्षं चालवला. अजित नंतर पाटणला परतला. मी आणखी राहिले. आता मी नव्या इंजिनिअरांना काम शिकवते. त्यांना सांगते, सर्व्हर बदलला की आधी तारखा तपासा, आणि शक्य तिथं महिना अक्षरात लिहा. हे ते लिहून घेतात. दुसरी गोष्ट सांगते, तेव्हा पेन खाली ठेवतात: एखादी जागा हवी असेल, तर हवी आहे असं साहेबाला तोंडानं सांगा. टाळ्या वाजवायच्या आधी.