कागदावरचे तीन इंच

माझी उंची पाच फूट सात इंच आहे. मी स्वतः मात्र पाच फूट चार इंच आहे.

वरचे तीन इंच ही आमच्या दादामामांची देणगी. सव्वीस वर्षांपूर्वी माझं लग्नाचं परिचयपत्र त्यांनी लिहिलं. वाचून मी हादरलो.

"मामा, तीन इंच जास्त पडलेत!"

"असू दे रे. लग्न झालं की माणूस वाढतो."

(वाढलो, पण पुढच्या बाजूला.)

बघायच्या कार्यक्रमात मी आल्याबरोबर बसलो आणि निघेपर्यंत उठलो नाही. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन कमरेत वाकून आली आणि तशीच वाकून आत गेली. किती विनयशील मुलगी, असं मला वाटलं. लग्नाच्या दिवशी मात्र मंगलाष्टकं चालू असताना अंतरपाटाच्या वर मला एक कपाळ, मुंडावळ्या आणि दोन डोळे दिसले. ते डोळे वरून खाली माझ्याकडे बघत होते! मामांनी चपळाईने माझ्या पाटावर आणखी एक पाट ठेवला आणि अक्षता पडल्या.

त्यानंतर आमच्या घरात उंची हा विषय निघाला नाही. माझी बायको विद्या कायम सपाट चपला घालते, मी कायम जाड तळव्याचे बूट. तिच्या काही लक्षात आलं नसावं, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. विम्याचा कागद असो, डॉक्टरची फाईल असो, उंचीचा रकाना आला की माझा हात आपोआप 'पाच सात' लिहायचा. आणि मी शाळेत हेडक्लार्क आहे! दाखल्यावर जन्मतारखेचा एक आकडा चुकला तर मी मुख्याध्यापकांनासुद्धा सही करू देत नाही.

तर मागच्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी आमच्या जुईचा फोन आला. जुई आमची एकुलती एक मुलगी. नोकरीसाठी दोन वर्षं पुण्यात आहे. ती गेल्यापासून आमचं फोनवरचं संभाषण असं असतं. मी : "जेवलीस का?" ती : "हो." मी : "बरं, आईला देतो." मला तिच्याशी खूप बोलायचं असतं, पण फोन हातात आला की डोक्यात फक्त जेवण येतं.

त्या दिवशी तीच म्हणाली, "बाबा, आपण पसरणी घाट करूया? वाईहून पाचगणी. तुझ्यासाठी बाईक भाड्याने घेऊ."

"अगं, माझं लायसन्स कुठे आहे!"

"रोड बाईक रे. म्हणजे सायकलच. दोन दिवस, फक्त तू आणि मी."

फक्त तू आणि मी! मला घाट दिसलाच नाही, तेवढे दोन दिवस दिसले. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं. ते पुसत मी म्हणालो, "जेवलीस का?"

"बाबा! सकाळचे नऊ वाजलेत! येणार ना?"

सायकल मला येत होती. लहानपणी नायगावात तासावर भाड्याने मिळणाऱ्या सायकलींवर हाफ पायडल मारत मी शिकलो होतो. त्या सायकलवाल्याने मला नाव विचारलं होतं, बापाचं नाव विचारलं होतं, उंची कधीच विचारली नव्हती. आता सायकल भाड्याने देणाऱ्या दादरच्या दुकानाचा फॉर्म तसा नव्हता. जुई फोनवर एकेक रकाना विचारत भरत होती. फोन स्पीकरवर होता आणि समोर विद्या वाल सोलत बसली होती.

"वजन?"

"अडुसष्ट."

"उंची?"

विद्याचा हात थांबला.

"पाच सात," मी म्हणालो.

विद्याचा हात पुन्हा चालू झाला.

"नक्की ना? उंचीवरूनच सायकलचा साइज ठरतो. आणि तू पाच सात, तर मग आई किती?"

"माझं कुठे विचारलंय फॉर्मात!" विद्या एकदम म्हणाली आणि वालाच्या सालींचं ताट उचलून मोरीकडे गेली. खरं बोलायची ती शेवटची संधी होती. मी ती नेहमीप्रमाणे घालवली.

पुढच्या शनिवारी दुकानाचा माणूस एका हाताने सायकल उचलून आमच्या भोईवाड्याच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर आला. एवढी हलकी, एवढी देखणी! फक्त मधला दांडा कुठे येतो हे बघून मी जरा गंभीर झालो. (पुरुष वाचकांना कळलं असेल. बायकांनी सोडून द्यावं.) त्याने सीट होती नव्हती तेवढी खाली केली. मी चवड्यांवर उभा राहून म्हणालो, "परफेक्ट!"

शेजारचे तावडेकाका खुर्ची टाकून बघत होते. गिरणीत होते तेव्हा ते रोज सायकलने जात.

"अरे, ही सायकल हा की घोडो?" ते म्हणाले. "तुझे पाय खंय पोचतत?"

"काका, आता असंच असतं. मॉडर्न आहे."

सराव करायला मी सायकल खालच्या पटांगणात नेली. ओट्यावर उभं राहून टांग टाकली आणि काय सांगू, सायकल निघाली की हो! वारा कानात शिरला. मी पसरणी घाटात होतो, बाजूला जुई होती आणि आम्ही जेवण सोडून इतर विषयांवर बोलत होतो. तीन फेऱ्या झाल्यावर लक्षात आलं, की चढायला जसा ओटा लागतो तसा उतरायलाही लागतो. आणि ओट्यावर आता पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी पापड वाळत घातले होते!

म्हणून मी चौथी फेरी मारली. मग पाचवी. गॅलऱ्यांमधून लोक जमू लागले.

"काय स्टॅमिना आहे!"

"या वयात! आमचे बघा, दूध आणायला लिफ्ट शोधतात."

आठव्या फेरीला टाळ्या पडल्या. दहाव्या फेरीला कोणीतरी व्हिडिओ काढून जुईला पाठवला. तिचं उत्तर तिथेच मोठ्याने वाचण्यात आलं : "माझा बाबा!!!" आता तर थांबणं शक्यच नव्हतं. ब्रेक दाबला तर मी पडणार होतो, डावीकडे पापड होते, उजवीकडे कोणाची तरी नवी स्कूटर होती आणि वर संपूर्ण चाळ होती.

"उतार रे आता, तोंडाक फेस येतलो!" तावडेकाका वरून ओरडले.

"स्टूल आणा!" मी ओरडलो.

"काय? फूल?"

"स्टूल!"

बाराव्या फेरीला विद्या जिना उतरून खाली आली, माझ्या वाटेत उभी राहिली आणि मी जवळ येताच तिने दोन्ही हातांनी हँडल धरलं. सायकल थांबली. मी वर तसाच, पाय लोंबकळत.

"उतरा."

"उतरता येत नाही."

"का?"

तीन मजल्यांवरच्या गॅलऱ्या कान देऊन ऐकत होत्या. पण मी इतका दमलो होतो, की खोटं बोलायला लागणारा श्वास माझ्यापाशी उरला नव्हता.

"विद्या, माझी उंची पाच सात नाही गं. पाच चार आहे."

"पाच सव्वातीन," विद्या म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"अहो, अंतरपाटावरून तुमचा भांग दिसत होता मला!"

"मग सव्वीस वर्षं बोलली का नाहीस?"

ती पहिल्यांदाच जरा गडबडली. "माझ्या परिचयपत्रात किती लिहिलं होतं, आठवतंय?"

"पाच चार."

"मी पाच सात आहे. उंच मुलीला स्थळं येत नाहीत म्हणून बाबांनी तीन इंच कापले. पोहे आणताना वाकून चाल, असंही त्यांनीच सांगितलं होतं. केवढी कंबर दुखली होती त्या दिवशी!"

मग वरून तावडेकाकांचा आवाज आला, "म्हणजे बेरीज बरोबर हा! हयले तीन थंय गेले!"

सगळी चाळ हसली. विद्याही हसली आणि हसताना तिचा एक हात सुटला. मी सायकलसकट कलंडून पापडांत गेलो.

दुकानाला फोन केला, तर लहान साइजच्या सायकली महिनाभर बुक होत्या. मी ओट्यावर गुडघ्याला हळद लावत बसलो होतो. गुडघ्याचं काही नव्हतं. ते दोन दिवस गेले, याचं वाईट वाटत होतं. जुईने दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं आणि मी तिला एक आकडासुद्धा खरा देऊ शकलो नव्हतो.

तेवढ्यात पटांगणात घंटी वाजली. विद्या सायकलवर होती! सीट वर केलेली, ओढणी कमरेला बांधलेली. लग्नाआधी कणकवलीला ती रोज सहा किलोमीटर सायकल मारत शाळेत जायची, हे मला त्या दिवशी कळलं. एक झोकदार फेरी मारून ती माझ्यापुढे थांबली. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून!

"मी नुसती बघत होते," ती लाजून म्हणाली. "बसतेय मला."

बसणारच. तिच्याच मापाची आली होती ती.

अशा रीतीने पसरणी घाट आमच्या दोघांऐवजी त्या दोघींनी केला. मी मागून भाड्याच्या जीपमध्ये केळी, चिक्की आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन. पुढे आई आणि मुलगी गप्पा मारत, हसत चढत होत्या आणि मी मागून बघत होतो. आनंद झाला होता आणि थोडा हेवाही वाटत होता.

अर्ध्या घाटात जुईच्या पोटरीत गोळा आला. विद्या तिला "बाबाच्या गाडीत बस" म्हणाली आणि न थांबता वळणाआड गेलीसुद्धा. ड्रायव्हरने जुईची सायकल जीपमध्ये मागे ठेवली आणि जुई माझ्या शेजारी येऊन बसली. खाली धोम धरणाचं पाणी चमकत होतं. मी तोंड उघडलं.

"बाबा, जेवले मी," ती म्हणाली.

मग दोघेही हसलो. थोडा वेळ ती चिक्कीचा कागद उलगडत राहिली.

"बाबा, एक मुलगा आहे. ऑफिसातलाच. तुला आधी सांगायचं होतं, म्हणून तर फक्त आपण दोघं म्हटलं होतं."

मला आधी! आईच्या आधी मला! आता बाप म्हणून काहीतरी भारदस्त बोलायला हवं होतं.

"उंची किती?" मी विचारलं.

जुई खिडकीबाहेर बघू लागली. "तो पाच सात सांगतो."

"आणि तुला कळलंय, हे तू त्याला कधी सांगणार?"

"आईने किती वर्षं घेतली?"

"सव्वीस."

"मग बघू," ती म्हणाली आणि तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. खांदा तिला अगदी बरोबर उंचीवर सापडला.

"त्याला घरी घेऊन ये," मी म्हणालो. "फक्त सांग, आल्याबरोबर बसून घे म्हणावं. निघेपर्यंत उठू नको."