मोरेश्वरकाकांचं डबकं

अमेरिकेत, पार्सिपनीतल्या आमच्या कॉम्प्लेक्समागे एक डबकं होतं. मार्चच्या पावसात तिथे सॅलमँडर अंडी घालायला यायचे. पालीसारखे, काळे, अंगावर पिवळे ठिपके. मला मेली शिसारी यायची. मोरेश्वरकाकांचा मात्र त्यांच्यात जीव. रिटायर्ड इंजिनिअर माणूस, काकू गेल्यापासून बोलायचे ते फक्त सॅलमँडरांबद्दलच.

डबकं बुजवून पार्किंग करायचं बिल्डरच्या मनात घाटत होतं, तेव्हा काका हट्टाला पेटले. पशुपक्ष्यांच्या नोंदी कोणीही टाकाव्यात असं एक ॲप आहे. काका त्यावर कित्येक वर्षं डबक्याचे फोटो टाकत होते. आता त्या नोंदींचा ग्राफ काढायला ते सुनेकडून, आश्लेषाकडून शिकले. भंडावून सोडलं बिचारीला! पण जमलं. दर वर्षाचा एक खांब. टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, बोर्डापुढच्या सुनावणीत हाच ग्राफ डबकं वाचवणार होता.

त्यात आमचं मंडळ पडलं. गणपतीच्या आरतीनंतर, काका नसताना, मंडळातल्या सुशांतने माइकवरून सांगितलं, काकांसाठी सगळ्यांनी एकेक नोंद टाका. झालं! एका हातात मोदक, दुसऱ्या हातात फोन. ज्यांनी जन्मात डबकं पाहिलं नव्हतं, त्यांनीही नेटवरचे फोटो उचलून नोंदी ठोकल्या. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

सुनावणीच्या सकाळी काकांनी ताजा डेटा घेतला. यंदाचा खांब आभाळाला भिडलेला. नवशिका माणूस, तारखा बघायचं सुचलंच नाही. पोरासारखे हरखले होते हो!

बिल्डरकडच्या तज्ज्ञ बाईंनी तोच डेटा तारखांप्रमाणे मांडला. यंदाच्या जवळजवळ सगळ्या नोंदी सप्टेंबरातल्या एकाच संध्याकाळच्या. त्या दिवसांत हे प्राणी रानात मातीखाली असतात, बाई शांतपणे म्हणाल्या. बोर्डाने सगळाच डेटा बाजूला सारला, काकांच्या खऱ्या नोंदींसकट. काकांनी वळून आमच्याकडे पाहिलं. सुशांतची मान खाली. काका काय समजायचं ते समजले, पण कोणाचं नाव घेतलं नाही. मला तिथेच रडू फुटलं.

या मार्चमध्ये पाऊस पडला आणि सॅलमँडर आले. पाणी शोधत नव्या पार्किंगच्या डांबरावर फिरले आणि गाड्यांखाली चिरडले गेले. सकाळी काका उकिडवे बसून एकेक उचलत होते. सुशांत धावत आला, फोन काढला. “काका, फोटो टाकतो. हे तर खरे आहेत.”

काकांनी वरही पाहिलं नाही.

“नको रे. आपलं कोण खरं मानणार आता?”